गैरहजराचा पुतळा

७ जून, शनिवार
नाशिक रोडला येऊन आठवडाही झाला नाही आणि मला माझी माणसं सापडली! नोकरी पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तिथे बेदाण्यांशी काय बोलणार? शनिवारी दुपारी मात्र अमोलच्या फ्लॅटवर खेळ. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातले योद्धे नि जादूगार व्हायचं, आणि कोण जगतं, कोण मरतं ते फाशांवर. टेबलावर थर्माकोलचा किल्ला, त्यात प्रत्येकाचा बोटभर उंचीचा, हाताने रंगवलेला पुतळा. गोष्ट रचणारी गेम मास्टर म्हणून त्यांनी मलाच बसवलं.

अमोल जरा दीडशहाणा. रुद्र सारखा खिदळतो. निकिता रुद्रची मामेबहीण, अबोल. नियम दोनच: फोन आधीच लाडवाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, आणि जो आला नाही त्याचा पुतळा सगळ्यांच्या पुढे चालवायचा, म्हणजे सापळ्यात पहिला तोच. मला हा नियम फार आवडला. दांडी मारणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

१४ जून, शनिवार
किल्ल्यात एक चौथा पुतळा आहे, कुऱ्हाडवाल्याचा. काय रंगवलाय! तो जीवनचा. जानेवारीत घोटीजवळ मोटारसायकल घसरून तो गेला, असं अमोलने सांगितलं. मी पुतळा कपाटात ठेवला. खेळ संपला तेव्हा तो टेबलावर होता, सगळ्यांच्या पुढे. रुद्रची चेष्टा असणार.

२१ जून, शनिवार
आज निकिता बोलली. अपघाताच्या त्या शनिवारी जीवन खेळायला आला नाही, म्हणून यांनी त्याच्या पुतळ्याला विहिरीत ढकललं. तेवढ्यात डब्यातले फोन वाजायला लागले. एकाचा थांबला की दुसऱ्याचा. जीवनच असणार, हे तिघांना ठाऊक होतं. अमोल म्हणाला, वाजू दे, उशीर करतो काय. तिघंही हसले. जीवन तेव्हा गाडीखाली अडकून पडला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोराला मी कधी पाहिलंही नाही, त्याच्यासाठी मला रडू आलं. यांना अशी अद्दल घडवीन की जन्मभर लक्षात राहील. आज पुढची गोष्ट रचून ठेवली. तिघांनाही मरण.

२८ जून, शनिवार
रुद्र आला नाही. नियमाप्रमाणे त्याचा पुतळा पुढे. मी त्याच्यावर भुयाराचं छत पाडलं. फासा टाकला, एक आला, म्हणजे मरण. त्याच क्षणी डब्यात निकिताचा फोन वाजू लागला. तिने झाकणाकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, नियम म्हणजे नियम. फोन बराच वेळ वाजत होता. मला, खरं सांगते, मजा वाटली.

२९ जून
रुद्र गेला. घराचा स्लॅब अंगावर पडला. फोन त्याच्या हातातच होता.
मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जीवन, एक झाला, असंच मनात आलं.

५ जुलै, शनिवार
खेळ झाला नाही. निकिता एकटीच माझ्या घरी आली. रडली नाही. पर्समधून एक नवा पुतळा काढून माझ्यासमोर ठेवला. चष्मा, आखूड केस, माझाच निळा कुर्ता.
ती म्हणाली, "आम्ही हसलो, ते पाप आमचं. पण माझा हात तुम्ही धरलात, ताई. पुढच्या शनिवारी मी गेम मास्टर. या नाहीतर नका येऊ."

९ जुलै
झोप नाही. ऑफिसात टेबलावर कुऱ्हाडवाला होता. कचऱ्यात टाकला. संध्याकाळी पर्समध्ये — माझ्याकडे तोंड करून.
मी तुझ्या बाजूची होते रे. तुझ्यासाठीच केलं.

१२ जुलै, शनिवार
जायचं नाही ठरवलं होतं. मग कळलं — न जाणाराच पुढे असतो. ऑफिसातून निघाले. जाता जाता साहेबांनी कोल्ड रूममधली बेदाण्यांची खोकी बघून यायला सांगितलं. मागे दार लागलं.
आतून उघडत नाही. वॉचमनचा फोन लागत नाही. कुणाचाच नाही. फक्त त्या दोघांचे लागतात.
अमोल — वाजतोय. निकिता — वाजतोय.
बोटं वळत नाहीत, पर्समधल्या वहीत कसंबसं लिहितेय. खोक्यांमागे कुणीतरी उभं आहे. माणसाएवढं. हातात —
निकिताला पुन्हा लावला. उचलला! मागे फासे पडल्याचा आवाज. मी ओरडले, दार उघडायला पाठव कुणाला तरी. ती शांतपणे म्हणाली, ताई, तुम्ही आला नाहीत, म्हणून तुमचा पुतळा आम्ही