जावयासाठी फॉर्म नाही

१७ जून २००७, रविवार
निर्णय झाला. मारुती एक्स्चेंजमध्ये देऊन नवी गाडी. शोरूमच्या हेमावतीबाई चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या घरी येऊन गाडी बघून गेल्या. म्हणाल्या, एक्स्चेंज बोनस एकतीस जुलैपर्यंतच आहे आणि गाडी नाशिकची, एमएच-१५, तिचं रजिस्ट्रेशन चौदा जुलैला संपतंय. आधी नाशिकच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत, आणा, मग इथला रोड टॅक्स, रिन्यूअल वगैरे. एजंट देऊ का, असंही विचारलं. हसलो. बाई, मी नुंगंबाक्कमच्या ब्रँचला लोन ऑफिसर आहे. कागद म्हणजे माझ्या हातचा मळ.
मधुवंतीला सांगितलं, दोन आठवड्यांत नवी गाडी दारात. ती म्हणाली, बरं.

१९ जून
हाफ डे टाकून इथल्या आरटीओत. खिडकीवरच्या माणसाने आरसी बुक उघडून विचारलं, हे विद्याधर उपासनी कोण? सासरे, म्हटलं. चार वर्षांपूर्वी आम्ही इकडे आलो तेव्हा त्यांनी गाडी आम्हाला दिली. नावावर करायची राहिली. तो म्हणाला, मग एनओसीचा अर्ज, विक्रीचा फॉर्म, सगळीकडे सही त्यांची लागणार. म्हटलं, मी जावई आहे. त्याने शांतपणे सांगितलं की जावयासाठी फॉर्म नाही.
मागचा माणूस हसला. तमिळ असून त्याला जावयाचा जोक कसा कळला, कोण जाणे. असो, किरकोळ अडचण आहे.

२४ जून, रविवार
अडचण अशी की नानांशी, म्हणजे सासऱ्यांशी, माझं बोलणं नाही. दिवाळीपासून. नाशिकला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मकरंदराव, तुम्ही गाडी चालवत नाही, क्लचवर उभे असता." मी पानावरून उठलो. तेव्हापासून नाशिक बंद. मधुवंतीचंही. तिला तशी सक्ती नाही. फक्त तू गेलीस तर मला वाईट वाटेल, एवढंच सांगितलंय.
ती म्हणाली, मी करते नानांना फोन. नको म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. फॉर्म कुरियरने जातील, पत्राशिवाय. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुल्या.
चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घ्यायची म्हणून चटई टाकून गेटजवळ पडलो, अर्धा बॉनेटखाली. खालच्या मजल्यावरच्या विशालाक्षी मामींना वाटलं अपघात झाला. धावत पाणी घेऊन आल्या.

३ जुलै
पाकीट परत. उघडताना मधुवंती शेजारी उभी होती. सही एकही नाही. नाना रिटायर्ड हेडमास्तर. चेसिस नंबरातल्या एका आकड्याभोवती लाल गोल, आणि समासात: "अक्षर सुधारावे. सोबत दोन ओळी लिहिल्यास हरकत नसावी."
म्हणजे माझ्याकडून माफीनामा पाहिजे. उत्तर देणार नाही. आता तेच अस्वस्थ होतील. साधारण आठ दिवस धरतो.

१४ जुलै, शनिवार
नाना अस्वस्थ झालेले नाहीत.
रजिस्ट्रेशन आज संपलं. उद्यापासून गाडी रस्त्यावर काढता येत नाही. विकता येत नाही. भंगारवाल्याला विचारलं, त्यालाही सही पाहिजे उपासनींचीच. महाराष्ट्र सोडत नाही, तमिळनाडू घेत नाही. त्यात गाडी नेमकी गेटसमोर उभी. मामींना सकाळी कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, काढायला जागा नाही. त्या रोज "इन्नैक्कु?" विचारतात, म्हणजे आज तरी? मी रोज "नाळैक्कु" सांगतो, म्हणजे उद्या. माझं तमिळ चांगलंच सुधारलंय.

२२ जुलै, रविवार
फोन केला. केवळ मधुवंतीसाठी. मुद्दे कागदावर काढले होते. नानांनीच उचलला. कसे आहात विचारलं. बरा आहे म्हणाले. तुम्ही? मीही बरा. नाना म्हणाले, "अजून काही?" मी म्हटलं, "नाही, सहजच." ठेवला.
मधुवंतीने विचारलं, सहीचं बोललास? सांगितलं की आज वातावरणनिर्मिती केली. विषय पुढच्या फोनला.
ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. दोन माणसांची भांडी, पण साचली असतील.

३० जुलै, सोमवार
बँकेतून आलो तर खुर्चीत नाना. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकटे, ट्रेनने. टेबलावर एनओसी, सगळे फॉर्म, सह्या. एनओसीसाठी नाशिकच्या आरटीओत तीन दिवस रांगेत उभे होते म्हणे. तारीख बघितली तर बारा जुलै! म्हणजे बावीसला फोन केला तेव्हा कागद हातात होता, तरी बोलले नाहीत. मी विचारलं नाही, हा मुद्दा वेगळा.
मधुवंतीने फॉर्म पुन्हा पाठवून सोबत त्यांना पत्र लिहिलं होतं. चार पानी. काय लिहिलं होतं विचारलं, तर म्हणाली, गाडीबद्दल अर्धं पान.
एकूण माझं कुरियर लागू पडलं.

३१ जुलै
शोरूम. हेमावतीबाईंनी कागद तपासले. रिन्यूअल आणि टॅक्स शोरूमच बघणार, तेवढी रक्कम जुन्या गाडीच्या किमतीतून कापणार. फक्त एक नियम. बोनस पाहिजे तर नवी गाडी जुन्या मालकाच्या किंवा त्याच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या नावावर हवी. मुलगी चालेल.
मी म्हटलं, जावई? बाईंनी यादी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, सॉरी सर.
मधुवंतीने सही केली. न वाचता, एका दमात. मी हप्त्यांचा जामीनदार. ही जबाबदारी कोणालाही देत नाहीत.

५ ऑगस्ट, रविवार
नाना आज परत गेले. मधुवंतीही गेली, थोडे दिवस माहेरी. मला आधी वाईट वाटेल असं वाटलं होतं. तिने विचारलंच नाही, त्यामुळे तसा प्रसंग आला नाही. सेंट्रल स्टेशनवर नानांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मकरंदराव, जेवत जा वेळेवर." ही त्यांच्यापरीने माफीच.
परत कधी, असं मधुवंतीला खिडकीतून विचारलं. म्हणाली, कल्याणहून परतीचं तिकीट मिळालं नाही. गर्दी आहे.
घरी येऊन रेल्वेच्या साइटवर बघितलं. येत्या रविवारी एकशे बारा जागा रिकाम्या. त्याच्या पुढच्या रविवारी एकशे चाळीस.
मी तारीख चुकीची टाकली असणार. उद्या बँकेतून पुन्हा बघतो.