राणी की नंतर

जिनान, ७ सप्टेंबर
(पांढऱ्या दवाचा दिवस)

प्रिय जिंगलान,

अनेक आशीर्वाद. गुडघ्याला उतार पडला का? इथे सकाळचा गारवा सुटलाय. अंगणातल्या झाडाला यंदा इतकी बोरं लागली की शेजारणी पिशव्या घेऊनच येतात. तुझ्यासाठी एक डबा वाळवून ठेवलाय. राळ्याच्या पेजेत टाकत जा, झोप चांगली लागते.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तू मध्येच 'असू द्या हो ताई' म्हणशील आणि मीही लगेच असू देईन. माझा स्वभाव मला माहीत आहे.

विद्यापीठाचं ब्रीदवाक्य ठरवायला समिती बसली तेव्हा तू नव्हतीस, म्हणून तिथलं सांगते. सगळ्यांनी दुसऱ्या विद्यापीठांची ब्रीदवाक्यं लिहून आणली होती. कुणाचं 'पुष्कळ शिका, निश्चय पक्का ठेवा', कुणाचं 'सर्वोत्तमाला पोचल्याशिवाय थांबू नका'. इमारती काचेच्या, प्रयोगशाळा नव्या, पण दारावर सगळीकडे कन्फ्युशियसच्या शाळेतलीच वाक्यं. आपलं वेगळं हवं म्हणून दोन तास नुसता काथ्याकूट चालला. शेवटी मी म्हटलं, 'महाविद्या' ग्रंथातलं घ्या: कुठे थांबायचं ते कळलं, की नंतर मन स्थिर होतं. मूळ अक्षरं सहाच. सगळ्यांना पटलं. एकतीस वर्षं मी ते वर्गात शिकवलंय, पटायलाच हवं होतं.

आणि मग कुलगुरू म्हणाले, शिळेवर कोरायचं अक्षर मात्र छ्यू बाईंचं हवं. म्हणजे तुझं.

पोटात दुखलं, जिंगलान. वाक्य मी शोधलं आणि शिळेवर शिक्का तुझा. तुला कुंचला धरायला मी शिकवलं. फान गुरुजींच्या घरी तू आलीस तेव्हा नऊ वर्षांची होतीस, शाई नाकाला लावून घ्यायचीस. पुढे गुरुजींनी जाताना शाईचा दगड तुला दिला आणि मला त्यांचं जुनं, लाकडी ठशांनी छापलेलं 'महाविद्या'चं पुस्तक. म्हणजे हात तुझा आणि पाठांतर माझं, असंच ना? ते निळ्या कापडातलं पुस्तक मी एकोणीस वर्षांत एकदाही उघडलं नाही. रुसले होते म्हण.

मागच्या महिन्यात शिळा आली. अजून लाल कापडाखाली आहे, पण रखवालदार ओळखीचा, त्याने कोपरा उचलून दाखवला. अक्षर बघून आधी जीव जळला, इतकं ते सुंदर होतं. मग चौथ्या अक्षरावर नजर गेली आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आज आपण 'राणी' आणि 'नंतर' दोन्हींना एकच सोपं अक्षर लिहितो, पण जुन्या लिपीत 'नंतर'चं अक्षर वेगळं, जास्त रेघांचं. तू वर विद्यापीठाचं नाव जुन्या लिपीत लिहिलंस आणि खाली मात्र सोपी 'राणी'! कुठे थांबायचं ते कळलं, की राणी स्थिर होते. पोरं हसतील, म्हटलं.

तुला फोन करता आला असता. मी केला नाही.

विद्यापीठाला जे निनावी पत्र गेलं, 'एक जुना वाचक' अशी सही असलेलं, ते मी लिहिलं.

त्यानंतर काय झालं ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. समितीची धांदल उडाली, येत्या दहा तारखेसाठी पाथरवट ठरवला, तुझं अक्षर घासून नवीन कोरायचं ठरलं. समारंभाच्या पत्रिकेतून तुझं नावही काढलं. आणि मागच्या मंगळवारी तुझा फोन आला. तू एवढंच म्हणालीस, "ताई, गुरुजींचं पुस्तक तुमच्याकडे आहे ना? एकदा उघडून बघाल?"

मी म्हटलं, बघते. पाच दिवस बघितलं नाही.

काल उघडलं. तिसऱ्याच पानावर ते वाक्य. तिथे 'राणी'च आहे, जिंगलान. त्या जुन्या ग्रंथात 'नंतर' त्याच सोप्या अक्षराने छापलंय, आणि बाजूला गुरुजींनी लाल शाईने बारीक लिहिलंय, 'हे असंच आहे, दुरुस्त करू नये.' मी शिकवलं ते नव्या लिपीतल्या पाठ्यपुस्तकातून, त्यात दोन्ही सारखीच, म्हणून कधी कळलंच नाही. काखेत कळसा म्हणतात तो माझ्या कपाटात होता.

आज सकाळी ते पुस्तक आणि नावानिशी लिहिलेला अर्ज घेऊन कार्यालयात गेले. पाथरवटाला नको म्हणून कळवलंय, पत्रिकेत तुझं नाव परत येतंय. कारकून यान बाईंनी माझा अर्ज बघितला, कपाटातून ते निनावी पत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. अक्षर एकच. मी खाली मान घातली. त्या म्हणाल्या, छ्यू बाईंनाही हे आलं तेव्हाच दाखवलं होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, "हात आमच्या गुरुजींच्या घरचा आहे. थोडे दिवस थांबा, त्या स्वतःच येतील."

म्हणजे फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं. कुणी लिहिलं असेल, असं तू एकदाही विचारलं नाहीस. कुठे थांबायचं ते मी वर्गात एकतीस वर्षं सांगितलं, आणि तू नुसती थांबलीस.

खरं सांगू? याचाही हेवा वाटला. तो काही आज उद्या जायचा नाही. पंधरा तारखेला शिळेवरचं कापड काढतील तेव्हा मी मागच्या रांगेत असेन. बोरांचा डबा आणि गुरुजींचं पुस्तक घेऊन येईन. दोन्ही तुझ्यासाठी.

त्या पत्राखाली जे लिहायचं धाडस झालं नाही, ते इथे लिहिते.

तान शुहुआई