चौथ्या विद्यार्थ्याचं नाव

सोलापूर, ६ फेब्रुवारी १९३१

धुळाप्पादादा, आम्हा ख्रिस्ती लोकांचा सलाम. तुम्ही रामराम म्हणाल, तोही घेतला.

गावोगावी शुभवर्तमान सांगणारे उपदेशक घडवणाऱ्या आमच्या शाळेला पंचवीस वर्षं झाली. मिशनच्या साहेबांनी मला तिचा इतिहास लिहायला सांगितला. पहिल्या वर्गात चौघे होतो, त्यांत आपण दोघे भाऊ. आपल्या इथं येण्यानं आईनं अन्न सोडलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “तू शिक की. आईपाशी एक लेक लागंल, मी जातो.” दादा, मीही बोचकं बांधलं होतं. तुम्ही आधी बोललात आणि मला हायसं वाटलं.

हे मी इतिहासात लिहिलं. साहेब म्हणाले, “परत गेलेल्याचं नाव कशाला?” मी हट्ट धरला, त्यांनी मानलं. मग मंद्रूपच्या बाजारात कळलं, तुमच्या अंबूची सोयरीक ठरतेय. मिशनच्या पुस्तकात तिच्या बापाचं नाव निघालं, तर ती मोडेल. म्हणून मीच ते खोडलं. मिशनचं पत्रही तुमच्या दारी नको, हे माझ्या बायबलातच राहील.

पुस्तकात आता नावं तीन आहेत आणि वर ‘चार विद्यार्थी’ असं लिहिलंय. साहेब म्हणाले, तिथंही तीन करा. तेवढं मी ऐकलं नाही.

तुमचा धाकटा,
हरिबा