पुढची खोली शनिवारी उघडी राहील

त्या सकाळी मी शेळ्यांना चारा टाकला, पाणी भरलं, चूल पेटवली आणि बाजरीचं पीठ परातीत काढलं. माझ्या पतीची खाट दाराशी उन्हात होती. लकव्याने यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली, त्याला उन्हाळा लोटून गेला होता. पीठ मळताना बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायची माझी सवय. हिरव्या कुरणाच्या ओळीपर्यंत आले, तोच काळ्या शेळीने परातीत तोंड घातलं. "हाड! मरो तुनं तोंड!" म्हणत मी तिच्यामागे धावले. ओळ अर्धीच राहिली. आणि खाटेवरून पुढची ओळ आली, संथ पाण्याची. पूर्ण आणि स्पष्ट, यांच्याच आवाजात.

वकील म्हणाले, "मावशी, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. आधी तुमचं नाव येतं." ते आता लिहिते.

मी, ताईबाई मंगा मालचे, वय अडुसष्ट, राहणार सोनगीर, ता. जि. धुळे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. त्यांनी "काहीतरी पाठ असेल ते म्हणा" म्हटलं, म्हणून मी एकशे एकोणिसावं स्तोत्र सुरू केलं. ते सगळ्यात लांब आहे. बाहेर पेशंट खोळंबले, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि सही केली.

मला दोन मुलं. विक्रम जळगावला नोकरीला आहे. दीपमाला गावातच दिलेली आहे. माझी मिळकत दोघांत व इतरांत पुढीलप्रमाणे जावी.

१. हातोडी. माझे पती सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात ठोकायला बसत. रविवारच्या प्रार्थनेत मिळालेलं वचन ते आठवडाभर कामावर पाठ करत, एका ठोक्याला एक शब्द. संध्याकाळी घरी आले की तेच वचन मला पाटावर बोटांनी ठोकून देत. मी शाळेत गेलेली नाही. मला स्तोत्रं आधी तोंडपाठ झाली, मग मी पुस्तकातलं तेच पान उघडून एकेका शब्दाखाली बोट ठेवत गेले. कुठे काय लिहिलं आहे ते मला ठाऊकच होतं, अक्षरं तेवढी ओळखायची राहिली होती. अशी मी वाचायला शिकले. ही हातोडी विक्रमला द्यावी. त्याने ती स्वतः मागून घेतली आहे.

२. शास्त्राचं पुस्तक, म्हणजे आमचं बायबल. पाठीला दोरा शिवलेलं आहे. ते दीपमालाला.

३. दोन पितळी ताटं. ही माझे दीर जीवराम भाऊजी यांना. याचं कारण लिहून ठेवते. यांची वाचा गेली तेव्हा भाऊजी ओट्यावर उभे राहून चारचौघांत म्हणाले, "वहिनी, तुना देव बी बोलस नही, नि आते तुना नवरा बी बोलस नही."

शेळीच्या त्या सकाळनंतर यांना स्तोत्राच्या ओळी येऊ लागल्या. दुसरं काही येत नसे. तहान लागली की भरलेल्या प्याल्याची ओळ म्हणत. बाहेर न्यायला हवं असेल तर कुरणाची. आणि जीवराम भाऊजी दारात दिसले की शत्रूंच्या देखत ताट वाढल्याची ओळ म्हणत. भाऊजींना स्तोत्र येत नव्हतं. "ताट" एवढाच शब्द ऐकून ते खूश होत. "दखा वहिनी, भाऊ माले जेवाले बलावस!" मी हसू दाबून वाढत असे आणि ते पोटभर जेवून जात. ती ही ताटं. भाऊजींनी यावर जेवावं, आणि त्या ओळीचा अर्थ आता दीपमालाला विचारावा. माझ्या मनात राग उरलेला नाही. थोडं हसू आहे.

४. दोन शेळ्या व पोस्टातली शिल्लक. दोन्ही दीपमालाला. माझ्या मातीचा खर्च त्यातून करावा, बँड लावू नये.

५. घर. इथे विक्रमशी माझं जमलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

घर माझ्या नावावर आहे. पुढच्या खोलीत दर शनिवारी बाया पाठांतराला बसतात. विक्रम म्हणतो, "माय, घर विक आणि जळगावला ये. बाया मोबाईलवर ऐकतील. सगळं शास्त्र आहे त्याच्यात."

विक्रम, तुझ्या बाबांच्या उशाशीही मोबाईल होता. त्यांना त्यात हवं ते शोधता येत नव्हतं. बाबा स्तोत्र म्हणतात असं मी कळवलं, तर तू फोनवर म्हणालास, "माय, तुला भास होतो." मग तू आलास आणि खाटेशी बसलास. त्यांना तुझं नाव घेता येईना. तू रडायला लागलास. मी पहिली ओळ सुरू करून दिली, आणि तुझ्या तोंडाकडे बघत त्यांनी अख्खं स्तोत्र शेवटपर्यंत म्हटलं. डाव्या हाताने खाटेवर ठोके देत होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी तुला समजावलं की पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या ठिकाणी राहतं. असेल. लकव्याला ते ठिकाण सापडलं नाही एवढं मला पुरे आहे.

म्हणून घर संपूर्ण दीपमालाला देते. तिने ते विकू नये. पुढची खोली शनिवारी पाठांतरासाठी उघडी ठेवावी. जी येईल तिला बसू द्यावं, मग तिला अक्षर येवो न येवो. जिला पाठ होणार नाही तिला हसू नये, आणि कोणावर लादू नये. विक्रमने हे फोनवर ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं माय. मला बाबांची हातोडी दे." त्याने हरकत घेतलेली नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावं.

६. आता शेवटचं. हे कलमात बसत नाही असं वकील म्हणाले, तरी लिहिते. माझं नाव यांना शेवटपर्यंत घेता आलं नाही. त्याचं दुःख मला रोज आहे, आणि राहील. पण शेवटच्या सकाळी श्वास अडखळायला लागला, तेव्हा मी काळोख्या दरीची ओळ सुरू केली. माझी ओळ मध्येच तुटली. यांची नाही तुटली. भीती नाही, तू सोबत आहेस, एवढं यांनी पूर्ण म्हटलं. मरण खाटेशी आलं होतं आणि ज्याची वाचा गेली त्या माणसाने त्याला तोंडावर सांगितलं. मी तिथे होते. आम्ही जिंकलो.

शुक्रवारी यांची माती झाली. गावातली माणसं म्हणाली, "ताईबाई, आता महिनाभर पाठांतर बंद ठेव, लोक काय म्हणतील?" दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी पुढची खोली झाडली, चटया टाकल्या, आणि बाया आल्यावर त्यांना नव्या स्तोत्राची पहिली ओळ दिली.

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला आहे. तो बरोबर आहे.

सही : ताईबाई मंगा मालचे

आमच्या समक्ष सही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही दिलेलं नाही :
१. हितेंद्र वना पाटील, सोनगीर
२. ज्योती अभिमन मोरे, सोनगीर

ठिकाण : धुळे
दिनांक : १० मार्च २०२५