गुलाबाच्या वाळक्या काड्या

दि. ९ मार्च, सकाळ

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सूनबाई खुशाल असेलच. माझा गुडघा ठीक, दूध वेळेवर येतं. रीत संपली. आता ऐक.

गेल्या रविवारी परसातल्या गुलाबाच्या वाळक्या काड्या तू बुडापासून छाटून पत्र्याच्या डब्यात जाळल्यास. "काय हा पसारा, बाबा! घर आहे की सरपणाची वखार?" असं वर म्हणालास. अरे शहाण्या, त्या काड्या तुझ्या आईने मुद्दाम गुडघ्याएवढ्या राखल्या होत्या. ती गेल्यापासून सहा वर्षं मीही तशाच छाटतो.

त्यांत माश्या राहत. मुंगीएवढ्या, काळ्या, उन्हात हिरवट चमकणाऱ्या. पोळं नाही, राणी नाही. एकटीने काडीतला मऊ गाभा कोरायचा, परागाची गोळी ठेवायची, तीवर अंडं, मग भुशाची भिंत; पुन्हा गोळी. शेवटी दारात स्वतः आडवं बसायचं. शाळेत आम्ही चालीवर म्हटलेल्या कवितांत कमळातले भुंगे होते, ही कुठेच नव्हती. मी तुझ्या आईला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "कवी तुमच्यासारखेच. राबणारी बाई दिसतेय कुणाला!"

त्या काड्यांत पिल्लं होती. जिवंत. आगीत तडतडली ती नुसती लाकडं नव्हती. मला संताप आवरत नाही. आईच्या आजारपणात माझ्याशी भांडून गेलास, तिच्या दहाव्यालाही परका असल्यासारखा उभा राहिलास, आणि आता आलास तो केरवारे करायला!

पण तू विचारलं होतंस. "काढू ना हे?" मी खुर्चीतच होतो. सगळं ठाऊक असून मान हलवली. का? सहा वर्षांनी तू उंबरा ओलांडला होतास. नाही म्हणालो आणि तू पिशवी उचललीस तर? त्या भीतीपायी तिने जपलेलं मी तुझ्या हातात दिलं. तिच्या आजारपणातही हेच केलं. "दवाखान्यात न्या," असं तू ओरडत होतास, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. तू उगाच भांडला नव्हतास.

काल एक माशी आली. पायांना पिवळा पराग. काडी जिथे होती तिथे, तेवढ्याच उंचीवर, हवेत घिरट्या घालत राहिली. बघवेना म्हणून मी आत आलो, आणि आत आलो म्हणून स्वतःवरच चिडलो.

आता तुझ्या कात्रीतून वाचलेल्या एका झुडपाला हात लावलास तर मी गप्प बसणार नाही. रागावून गेलास तरी चालेल, असं लिहिणार होतो. चालणार नाही. तरीही बोलेन.

उशिरा तोंड उघडलेला,
तुझा बाप