त्या वळणावर खडी नव्हती

प्रिय कर्टिस,

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि माझ्या टायरच्या दुकानासमोरून जाताना ट्रकची काच वर करून समोर बघत निघून जातोस, म्हणून पत्र लिहावं लागतंय. आपल्या दोघांत पत्रं लिहायची रीत कधी नव्हती. तू सैन्यात होतास तेव्हासुद्धा मी तुला टायरवाल्यांकडून आलेलं कॅलेंडर पाठवायचे आणि त्याच्या पाठीवर चार ओळी खरडायचे. आज चार ओळींत भागणार नाही. खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर चुरगाळून टाकायचा विचार असेल तर मी तुझी बहीण आहे, तुला ओळखते, याची दुसरी प्रत काढून ठेवली आहे.

गेल्या शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये माशांचं जेवण होतं, तेव्हा मी तुझ्या पाठीमागच्याच टेबलावर बसले होते. तुझं लक्ष नव्हतं. तू गोष्ट सांगण्यात रंगला होतास. नदीकाठच्या वळणावर कुण्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरनं खडी आणून सांडली होती, तुझ्या मोटरसायकलचं मागचं चाक सटकलं, देव जरी गाडीवर असता तरी पडला असता, वगैरे. चार महिन्यांत ही गोष्ट मी पाच वेळा ऐकली, आणि दर खेपेला खडी वाढत गेली. मग मर्ल बोलला. तुझी गाडी त्यानंच त्या दिवशी खेचून आणली होती. बशीतून मान वर न काढता तो म्हणाला, "मी साखळी बांधायला तिथे गुडघे टेकून बसलो होतो, कर्टिस. खडी असती तर टोचली असती." सगळे हसले. तू हसला नाहीस. बिअरचा एक घोट घेतलास आणि म्हणालास, "खडी असो नसो, डबलसीटवर नवखं माणूस असलं की असंच व्हायचं. पोरगी घाबरली आणि वळणावर उलट्या बाजूला झुकली. मी काय करणार?" आणि टेबलावरच्या सगळ्या बाप्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. कुणीतरी तुझ्या पाठीवर थापही मारली. मी ताट तसंच टाकून उठले.

ती मोटरसायकल तू एप्रिलमध्ये आणलीस तो दिवस आठव. पलीकडच्या काउंटीतल्या एका विधवेच्या कोठारात ती बारा हिवाळे ताडपत्रीखाली उभी होती. तू ती ट्रकमधून उतरवलीस तेव्हा मलाही मोह पडला, खोटं कशाला बोलू. टाकीवरचा रंग अजून बोटाला गार आणि गुळगुळीत लागत होता. मी सवयीनं मागच्या चाकाशी उकिडवी बसले आणि टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचले. त्यांचा अर्थ तुला मी सांगायला नको. चोविसावा आठवडा, साल दोन हजार बारा. तो टायर बनला तेव्हा तुझी लेक टेसा आठ वर्षांची होती आणि तिचे पुढचे दात पडले होते. मी नख रोवून पाहिलं, रबरावर नख उमटेना. रिमजवळ बारीक चिरा गेल्या होत्या, जुन्या बशीला जातात तशा. मी तुला म्हटलं, हा टायर वापरलेला नाही, पण वाळलेला आहे, आजच काढू. तू म्हणालास, "नक्षी बघ की, नव्यासारखी आहे. गोटा झालेला टायर असता तर गोष्ट वेगळी. लोर्ना, तू शवपेटीलासुद्धा टायर विकशील." मर्ल तिथेच होता, तो खो खो हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या मापाचा नवा टायर मागवला, त्यावर खडूनं तुझं नाव लिहिलं आणि भिंतीला टांगून ठेवला. तू पाच आठवडे दुकानाकडे फिरकला नाहीस. मी टायर घेऊन मागे लागेन म्हणून, हे मला कळत होतं.

मी या धंद्यात छत्तीस उन्हाळे काढले. बाबांनी पाना माझ्या हातात दिला कारण तू सैन्यात गेला होतास आणि दुसरं कुणी नव्हतं. या छत्तीस वर्षांत मी एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली की आता तिचा वीट आलाय. बाप्या माणूस आरशाला चकाकी आणायला दोन तास घालवतो, चामड्याच्या पिशवीला झालरी लावतो, भोंगा बदलतो, आणि टायरमध्ये हवा किती हे पाहायला त्याला दोन मिनिटं नसतात. ज्याच्यावर सगळं उभं आहे तो हाताच्या तळव्याएवढा रबराचा तुकडा, त्याच्याकडे कुणी वाकून बघत नाही. आणि मग कुणाच्या तरी दफनाला आम्ही सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घालून जायचं आणि ऐकायचं की तो आपल्या आवडीचं काम करताना गेला. कसली आवड? कोरड्या टायरवर घसरायची? आपल्या राज्यात हेल्मेटची सक्ती नाही, आणि तू त्याबद्दल छाती फुगवून बोलतोस. तुझं डोकं तुझं आहे, तू ते कुठेही आपट. टेसाचं डोकं तुझं नव्हतं.

आता त्या जूनमधल्या शनिवारचं बोलू. तू अकराच्या सुमाराला आलास, टेसा मागे बसली होती. तू कसा आला होतास ते मला डोळ्यांसमोर दिसतं. चामड्याचं जाकीट, त्याची चेन गळ्यापर्यंत लावलेली, घोट्यावर येणारे बूट, हातमोजे. आणि ती? अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा बनियन, कापडी बूट, आणि डोक्याला बेसबॉलची टोपी, उलटी घातलेली. वीस वर्षांची पोर, बापाबरोबर फिरायला निघाल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. मी माझं हेल्मेट खुंटीवरून काढून तिच्या डोक्यात घातलं आणि हनुवटीखाली पट्टा मीच आवळला. ती म्हणाली, "आत्या, केस चपटे होतील." मी म्हटलं, होऊ देत, आणि वळण आलं की बाबाच्या खांद्यावरून वळणाच्याच बाजूला बघ. मग मी आतून गुडघ्याला गादी असलेली विजार आणली. तू माझ्या हातातून ती घेऊन गल्ल्यावर ठेवलीस. "वीस मिनिटांवर आइस्क्रीम खायला चाललोय, लोर्ना, चंद्रावर नाही. या उकाड्यात पोरगी शिजेल त्यात." कर्टिस, मी चार महिने एकच प्रश्न गिळून बसले आहे, तो आज विचारते. उकाडा तिच्या एकटीच्या वाट्याचा होता का? तू जाकिटात शिजत नव्हतास? तुझ्या कातड्याची किंमत तुला बरोबर कळली होती. तुझ्या लेकीच्या कातड्याची कळली नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते सांगताना वगळतोस. सकाळी भुरभुर पडून गेली होती आणि कड्याखालच्या झाडीत रस्ता ओला राहिला होता. तू वळणावर गेलास आणि मागचं चाक ओल्या फरशीवरून साबण सरकावा तसं बाहेर गेलं. तुझं मनगट मोडलं आणि जाकिटाला खांद्यावर ओरखडे आले. जाकीट तू अजून घालतोस. टेसाचा डावा पाय घोट्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत डांबरानं सोलला. तिचा एक बूट मर्लला चरात सापडला. हेल्मेटची डावी बाजू अशी घासली गेली की आतला पांढरा फेस दिसतो. तिथे तिचा गाल असता, कान असता. उजव्या मांडीची कातडी काढून डाव्या पायाला लावली, दोनदा. पट्टी बदलायच्या वेळी ती माझा हात धरायची आणि ओरडायची नाही, नुसती माझी बोटं दाबायची. तू तेव्हा बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी उभा असायचास. मला त्या खोलीत तुझे सोळाव्या वर्षीचे तळवे आठवले. गॅरेजमागच्या उतारावर बिनहातमोज्यांचा गाडीवरून पडला होतास, आणि मी दोन संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चिमट्यानं तुझ्या तळहातातले खडे वेचले होते. तू रडत होतास आणि बाबांना सांगू नको म्हणत होतास. मी नाही सांगितलं. तेव्हा सांगायला हवं होतं की काय, असं हल्ली वाटतं. तुझ्यासाठी गप्प बसायची सवय मला तिथूनच लागली.

आणि त्या सवयीपायी मी जे केलं तेही लिहिते, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. त्या शनिवारी तुझ्या मागच्या टायरमध्ये हवा मीच भरली. डबलसीट जायचंय तर हवा जास्त लागेल, म्हणून मी नळी घेऊन खाली बसले. त्या चिरा माझ्या नाकापासून वीतभर होत्या. आता त्या वाढल्या होत्या. नवा टायर सहा पावलांवर भिंतीला टांगला होता, तुझ्या नावाचा. पाऊण तासाचं काम. पण तू पाच आठवड्यांनी माझ्या दारात आला होतास, हसत होतास, आणि मला वाटलं, आज पुन्हा विषय काढला तर हा पुन्हा तोंड फिरवून जाईल. म्हणून मी हवा मापली, झडपेला टोपण लावलं आणि जा म्हटलं. रस्त्यावरचा कुणी अनोळखी माणूस असता तर मी त्याला जाऊ दिलं नसतं, किल्ली काढून खिशात टाकली असती. मर्ल गाडी घेऊन आला तेव्हा मी तो जुना टायर काढून ठेवला. कुणी मागितला नाही, कुणी विचारलं नाही. रोज दुकान उघडलं की तो मला दिसतो.

म्हणजे दोष तुझा एकट्याचा नाही, अर्धा माझा आहे, आणि तो मी कुठेही, कुणासमोरही कबूल करेन. हे वाचून तुला बरं वाटत असेल तर थांब. पत्र मी याच्यासाठी लिहिलेलं नाही.

परवा मंगळवारी टेसा दुकानात आली. काठी घेऊन, पण एकटी, बसस्टॉपपासून चालत. मी म्हटलं, काय गं, पाय कसा आहे, तर म्हणाली बरा आहे, आणि मग बाकावर बसून विचारलं, "आत्या, वळणावर मागे बसलेल्यानं कसं बसायचं असतं? मला नीट शिकव." मी म्हटलं, तुला आता पुन्हा बसायचंय का? ती म्हणाली, "नाही. मला फक्त समजून घ्यायचंय माझं काय चुकलं. मी तर बाबाच्या खांद्यावरून वळणाच्याच बाजूला बघत होते, तू सांगितलं होतंस तसं. पण उलटी झुकले असणार, नाहीतर गाडी पडली नसती." मी तिला विचारलं हे तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली कुणी नाही, दवाखान्यात पडद्यापलीकडे तू पोलिसाला सांगत होतास ते तिनं ऐकलं. आणि मग ती म्हणाली की घरी आल्यावर तिनं तुझी माफी मागितली. तुझं मनगट मोडलं, गाडी गेली, म्हणून. ती सोललेल्या पायावर उभी राहून तुझी माफी मागत होती, आणि तू तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालास, "जाऊ दे, पोरी. मी तुला कधीच माफ केलंय." ती हे मला कौतुकानं सांगत होती, कर्टिस. माझा बाबा किती मोठ्या मनाचा आहे, म्हणून. मी तिला एवढंच सांगितलं की तू बरोबर बसली होतीस, आणि कारण तुला रविवारी कळेल. रविवारी दुपारी दोनला ती माझ्याकडे येणार आहे. तू त्याआधी ये, आणि त्या टायरवरचे आकडे तिला तुझ्या तोंडानं वाचून दाखव. हवेचं मी सांगेन, मला तुझी मदत नको. तू नाही आलास तर दोन्ही मीच सांगेन. पण मग ती तुझ्याकडे पाहील तेव्हा तुला माफ करायचं की नाही हे ती ठरवेल, आणि मी मध्ये पडणार नाही.

अजूनही तुझीच,
लोर्ना