रडारच्या कुंपणालगतची गप्प जमीन

मी, सातुर्निनो आल्का, वय एकाहत्तर, राहणार हिकामार्का, लिमा, धंदा इथल्या वेधशाळेच्या रडारच्या खांब-तारांचा ठेका, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. गुडघे गेले, धाप लागते. कान मात्र शाबूत आहेत; दाराआड माझी वाटणी चाललेली ऐकू येते.

एक. राहतं घर आणि कोंबड्या पत्नी देल्फिनाच्या. तिला कुणी हलवू नये.

दोन. वेल्डिंगचं यंत्र मेहुणा फोर्तुनातो याला, रडारच्या या दरीबाहेर वापरण्याच्या अटीवर. तो ठिणगी पाडतो नि रडारच्या पडद्यावर नुसता कचरा उमटतो. सांगायला गेलो की म्हणतो, "दाजी, तुमचं रडार आभाळात, माझं दुकान जमिनीवर. भांडण कसलं?" सांगून सांगून थकलो.

तीन. रडारच्या कुंपणालगतची माझी जमीन. नव्वद किलोमीटर वर उल्का जळतात, त्यांच्या रेघा वाऱ्याने वाहतात आणि रडार त्यांचा प्रतिध्वनी टिपतं. उन्हाने तिथली हवा समुद्रासारखी चढते-उतरते; इंजिनियर तिला भरतीच म्हणतात. तो प्रतिध्वनी फार बारीक. शेजारी मोटारी, वेल्डिंग आलं की बुडाला.

मागे प्लॉट बळकावणारे झोपड्या उभारायच्या चटया, झेंडे घेऊन इथे घुसले होते. त्यांच्या म्होरक्याने विचारलं, "काका, ही रडारवाली माणसं काय मोजतात?"

"भरती."

"इथे? कुठवर चढते?"

"नव्वद किलोमीटर."

दरडीच्या लोंढ्यात घरं गमावलेली माणसं ती. उजाडेपर्यंत एक चटई उरली नाही. मी खोटं बोललो नव्हतो.

आता माझा मुलगा विल्मेरच म्हणतो, "बाबा, रिकामी जमीन विकून टाका." अरे, ती रिकामी नाही, गप्प आहे. मुलगी नेलिदा म्हणते, विकायची नाही. म्हणून जमीन दोघांना सामाईक; विक्रीला दोघांच्याही सह्या हव्यात. आजवर या बहीणभावाचं सूपमधल्या मिठावरही एकमत झालेलं नाही. माझा सगळा भरवसा त्यावर.

चार. माझ्या मयताला बँड जरूर वाजवा. जनरेटर आणि कर्णे नकोत.

पाच. कधी दोघांचं जमलंच आणि जमीन विकली गेली, तर माझी तक्रार नाही. जमिनीवरची शांतता गेली, तरी घरात आली असेल.

हे वाचून पाहिलं, पटलं, सही केली.

सातुर्निनो आल्का

साक्षीदार: हेर्मेलिंदा पोमा, पाववाली, कासियानो रिवास, रडार इंजिनियर

हिकामार्का, ९ ऑगस्ट २०१९